संध्याकाळची गोळी

आमच्या आर्यनचं जावळ काढलं त्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी इतकं खाली गेलं, की धरणात बुडालेलं आमचं जुनं गाव वर आलं. लक्ष्मीआईचं देऊळ कळसापासून पायऱ्यांपर्यंत उघडं पडलं. माझा मुलगा हनुमंत पुण्याला कंपनीत आहे. त्यानं फोन केला, "आप्पा, देवी वर आलीय तर पोराचं जावळ तिथंच काढू. परत कधी दिसेल कुणास ठाऊक."

आम्ही भोई. मासेमारीवर पोट. पाहुण्यांना होड्यांतून पलीकडं नेलं आणि पुढं भेगाळलेल्या चिखलातून सगळे पायी निघालो. माझा धाकटा भाऊ लिंबाजी मटणाचं पातेलं डोक्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढं होता. देवळाच्या पायरीशी त्यानं पातेलं उतरवलं आणि तिथंच खाली बसला. एक हात पायरीवर, एक छातीवर. ओठ जांभळे पडलेले.

"काय रं लिंबा?"

"काय न्हाई दादा. ऊन लागलं."

त्याची बायको शेवंता मागून पाण्याची कळशी घेऊन येत होती. "ऊन कसलं भावजी! शिमग्यापासनं चार पावलं चाललं की हे असं बसत्यात. इचारलं की म्हणत्यात, म्हातारा झालो. आधी कर्तं तर व्हा म्हणावं, मग म्हातारं व्हा."

बायका हसल्या. लिंबाही हसला, पण हसताना त्याला दम पुरला नाही. मी त्याच्याजवळ बसलो आणि मनगट धरलं. पाटीत टाकलेला जिवंत मासा कसा करतो? दोन उड्या मारतो, गप्प पडतो, वाटतं मेला, आणि एकदम तडफडतो. त्याची नाडी तशी चालली होती. मला ती लगेच ओळखू आली. सहा महिन्यांपूर्वी माझी तशीच होती.

"लिंबा, तुझं माझ्यासारखंच झालंय."

"तुला काय कळतंय? तू काय डॉक्टर हायस?"

"मी ते भोगलंय."

"गप बस. पोराचं जावळ हाय. आज कुणाला काय सांगू नगंस."

मी कुणाला सांगितलं नाही. पोराला मामाच्या मांडीवर बसवलं, न्हाव्यानं केस काढले, पोरानं भोकाड पसरलं, पंगती उठल्या. दुपारी माणसं देवळाच्या सावलीत आडवी झाली तेव्हा आम्ही दोघं भाऊ आमचं जुनं घर बघायला गेलो. घर म्हणजे काय, जोत्याचे दगड आणि उंबऱ्याची शिळा. त्या शिळेवर दोघं बसलो.

आता मागचं थोडं सांगतो.

आदल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या छातीत असंच सुरू झालं होतं. हनुमंतानं पुण्याला नेलं. मुजावर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी सांगितलं, हृदयाच्या वरच्या कप्प्यात वीज भलतीकडून उसळते, म्हणून तो कप्पा धड आकसत नाही, नुसता थरथरतो. मांडीतून बारीक नळी घालून हृदयापर्यंत न्यायची आणि जिथून ती वीज उसळते तिथं भोवतीनं चटके द्यायचे, म्हणजे विजेला बाहेर पडायला वाट राहत नाही. हनुमंताच्या कंपनीचा विमा होता. त्यात आई-बाप बसतात. मला टेबलावर घेतलं, नळी घातली, चटके दिले आणि घरी सोडलं.

आमच्यात डाग देणं काही नवीन नाही. पोराचं पोट फुगलं की म्हाताऱ्या बिब्बा तापवून पोटावर डागायच्या. लिंबाच्या पोटावर तसे डाग होते. पोट मात्र पुढं कितीतरी वर्षं दुखत राहिलं. त्यामुळं माझ्या हृदयाला डाग दिला हे ऐकल्यापासून त्याचा त्यावर विश्वास नव्हता. त्यात झालं असं, की घरी आल्यावर महिन्याभरातच माझी धडधड परत सुरू झाली. आठवड्यातून दोनदा, तीनदा. मी होडीत बसून लिंबासमोर तोंड वाईट केलं, "उगं जाळून घेतलं बाबा. हाय तसंच हाय." मग शिमग्याच्या सुमारास ती आपोआप थांबली आणि पुन्हा आली नाही. तोवर मी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतच होतो. आम्ही दोघांनी मिळून हिशेब लावला, की डागानं काही झालं नाही, गुण आला तो गोळीनं.

त्या दिवशी उंबऱ्याच्या शिळेवर मी म्हणालो, "भिगवणला जाऊन आधी छातीच्या ठोक्यांची पट्टी काढू. मग पुण्याला."

"पट्टी काढतो. पुण्याला न्हाई."

"का?"

"मला डागून घ्यायचं न्हाई. एकदा घेतलंय." त्यानं सदरा वर करून पोट दाखवलं. "आन तुला तरी डागून काय मिळालं? परत धडधडलंच का न्हाई? तूच म्हणलास."

"म्हणलो खरं."

"आन हनुमंताच्या इम्यात चुलता बसत न्हाई. म्या इचारलंय त्याला."

हे त्यानं कधी विचारलं होतं ते मला माहीत नव्हतं. म्हणजे त्याला आपल्या छातीतलं आधीच कळलं होतं. मी मान खाली घातली. आमच्या बापाचं एक म्हणणं होतं, होडी दोघांची तर घासही दोघांचा. एका होडीत बसणाऱ्यांचं सगळं निम्मं. आलेला मासा निम्मा, भाकरी निम्मी, तंबाखूची चिमूट निम्मी. बाप गेल्यापासून आम्ही भाऊ एकाच होडीत होतो आणि आमचं काही वेगळं कधी निघालं नव्हतं. पहिल्यांदाच माझ्या वाटणीला असं काही आलं होतं, ज्याचं निम्मं करता येत नव्हतं.

"तुझी ती गोळी किती येळा असती?" लिंबानं विचारलं.

"दोन. सकाळी एक, सांजच्याला एक."

"मग झालं की. सकाळची तुझी, सांजची माझी."

मी त्याच्याकडं बघितलं. तो चेष्टा करत नव्हता. आणि मला, खरं सांगतो, एकदम हलकं वाटलं. विम्याचं निम्मं होत नव्हतं, गोळीचं होत होतं.

भिगवणच्या डॉक्टरांनी पट्टी काढली आणि तेच निघालं. ते म्हणाले, पुण्याला दाखवा, उशीर करू नका. जावळासाठी आलेला हनुमंत अजून थांबला होता, त्यानं त्या कागदाचा फोनवर फोटो काढून ठेवला. लिंबा म्हणाला, पाऊस होऊ दे, धरण भरू दे, जाळी टाकायचे दिवस जाऊ दे. शेवंता रोज त्याच्यामागं लागायची. "भावजी, तुम्ही तरी सांगा की यांना." मी म्हणायचो, "जाऊ गं. औषध चालू हाय त्याचं." तिला वाटायचं भिगवणच्या डॉक्टरांचं औषध. आम्ही तिला खरं सांगितलं नव्हतं. बायका नको तिथं अक्कल चालवतात, असं लिंबा म्हणाला होता.

धरण भरलं. संध्याकाळी जाळी टाकायला जायचो. लिंबा वल्हवायचा, मी जाळं सोडायचो. जाळ्याला बांधलेला शेवटचा तरंगता डबा पाण्यात पडला की मी सदऱ्याच्या खिशातून गोळी काढून त्याच्या हातावर ठेवायचो. तो ओंजळीत धरणाचं पाणी घ्यायचा आणि गिळायचा. मग म्हणायचा, "दादा, तुझ्या गोळीला चव न्हाई बघ. उद्या जरा मीठ लावून आण." रोज तेच म्हणायचा आणि रोज आम्ही हसायचो. त्या पावसाळ्यात त्याला बरं वाटत होतं. दम कमी लागत होता, किंवा त्याला तसं वाटत होतं. मलाही बरं वाटत होतं. त्या दिवसांत माझ्याइतका समाधानी माणूस धरणाच्या काठावर नसेल.

गणपती गेले, पितरांचा पंधरवडा लागला, आणि माझी तपासणीची तारीख आली. हनुमंत दवाखान्याच्या दारात उभाच होता. मुजावर डॉक्टरांनी पट्टी काढली, ती खिडकीशी धरून बघितली आणि म्हणाले, "वा, आजोबा! एकदम सरळ. एक ठोका चुकत नाही."

मी म्हणालो, "तुमच्या गोळीचा गुण."

"कुठल्या गोळीचा?"

मी खिशातलं पाकीट दाखवलं. तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. गोळ्या मी रंगावरून ओळखायचो.

डॉक्टर म्हणाले, "आजोबा, या गोळीचा आणि धडधडीचा काही संबंध नाही. धडधड थांबली ती चटक्यानं."

"पण चटका दिल्यावर महिन्याभरात परत आली की."

"जखम ताजी असते तेव्हा हृदय खोड्या करतं. पहिल्या तीन महिन्यांतली धडधड आम्ही धरतच नाही. मी सांगितलं होतं तुम्हाला, घाबरू नका म्हणून."

सांगितलं होतं. खाटेशेजारी उभं राहून, माझा हात हातात घेऊन सांगितलं होतं. ते मला त्या खुर्चीत बसल्यावर आठवलं. लिंबाला मी धडधड परत आल्याचं सांगितलं होतं. हे सांगितलं नव्हतं.

"मग ही गोळी कशाला?"

"कप्पा थरथरला की रक्त तिथं साचून राहतं. साचलं की गाठ धरते. ती गाठ मेंदूत गेली की माणूस एका बाजूनं जातो. ही गोळी गाठ धरू देत नाही. तुमचं आज सरळ आहे. काही जणांचं वर्षानुवर्षं सरळ राहतं, काहींना पुन्हा येतं, पुन्हा चटके द्यावे लागतात. कधी आतल्या आत येऊन जातं, माणसाला कळतही नाही. तुम्हाला रक्तदाब आहे, साखर आहे, वय आहे. म्हणून ठोका सरळ असला तरी ही सोडायची नाही. दोन्ही वेळा घेता ना?"

मी पाकीट परत खिशात घालायला लागलो.

हनुमंत म्हणाला, "घेतात डॉक्टर."

"त्यांना बोलू द्या."

मग मी सगळं सांगितलं. उंबऱ्याची शिळा, सकाळची माझी, सांजची त्याची. हनुमंताचं तोंड उघडंच राहिलं. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं होतं ओरडतील. ते हळूच बोलले, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

"आजोबा, गोळी म्हणजे भाकरी नव्हे. भाकरी निम्मी केली तर दोघांचं निम्मं पोट भरतं. गोळीचं तसं नाही. तुम्ही दोघंही उघड्यावर आहात. तुमचं हृदय निदान सरळ चाललंय. भावाचं चोवीस तास थरथरतंय."

हनुमंतानं फोनमधली लिंबाची पट्टी दाखवली. डॉक्टरांनी ती मोठी करून बघितली. "मी माणूस बघितल्याशिवाय लिहून देत नाही," ते म्हणाले, "पण हे थांबण्यासारखं नाही. ही गोळी त्यांच्यासाठी वेगळी लिहून देतो. आजपासून दोन्ही वेळा. आणि याच आठवड्यात त्यांना इथं आणा. चटक्याचं काय ते मी त्यांच्याशी बोलेन, भीती मी काढतो. तुम्ही फक्त आणा."

हनुमंतानं दवाखान्याखालच्या दुकानातून लिंबाच्या गोळ्यांचा डबा घेतला आणि माझ्या पिशवीत ठेवला. "आप्पा, विम्याचं सोडा," तो म्हणाला, "काकांचं आपण बघू. गोळीच्या वाटणीचं मला आधी का नाही सांगितलं?" मी एसटीत डबा मांडीवर धरून बसलो. भिगवण येईपर्यंत मनात लिंबाला काय सांगायचं ते जुळवत होतो.

त्याच्या घरी गेलो. तो जाळं शिवत बसला होता. मी सगळं सांगितलं, काही राखलं नाही. शेवंताला गोळीची वाटणी तेव्हा कळली. ती नवऱ्याकडं न बघता मला म्हणाली, "भावजी, तुम्ही थोरलं. तुम्हालाबी कळलं न्हाई?"

लिंबा डबा हातात घेऊन उलटसुलट करत होता. "म्हंजी डागानंच गेलं म्हण तुझं."

"डागानंच."

"आन त्यो डॉक्टर म्हणतोय, मलाबी डागायचं."

"बोलतो म्हणालाय तुझ्याशी. भ्यायचं काय न्हाई रं. दुखत न्हाई. मी हाय ना संगं."

त्यानं डबा कानाशी धरून हलवला. मग म्हणाला, "बरं. जाऊ." शेवंतानं लगेच तांब्या-भांडं आणलं. "मग आत्ताच घ्या पहिली. डॉक्टरनं आजपासनं म्हणलंय."

लिंबानं डबा खाली ठेवला. "पितरं चालू हायत."

"म्हणून?"

"नवं काय सुरू करायचं न्हाई."

शेवंता उसळली. "पितरांत नवं सुरू करत न्हाईत ते मलाबी ठावं हाय. पण औषध का नवं लुगडं हाय? का नवी म्हस हाय?"

"तुला ठावं न्हाई," लिंबा म्हणाला. "दादाला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. धरण व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा भीमा नदी होती आणि आम्ही पोरं होतो. पितरांच्या पंधरवड्यात बापानं नवं जाळं विणून पुरं केलं. आई म्हणाली, पंधरवडा जाऊ दे. बाप हसला आणि नवं जाळं घेऊन पाण्यात गेला. होडी रिकामी मिळाली. बाप कितीतरी दिवसांनी खाली, दुसऱ्या गावाच्या डोहात सापडला. कुठल्या दिवशी गेला ते कुणालाच कळलं नाही. ज्याची तिथ माहीत नाही त्याचं सर्वपित्री अमावास्येला घालतात, म्हणून आम्ही त्याचं त्या दिवशी घालत आलो. घर धरणात गेल्यावर आम्ही होडीतून जुन्या घराच्या वर जातो आणि त्याचं पान तिथं पाण्यावर सोडतो.

लिंबा माझ्याकडं बघत होता. "दादा, तू सांग. तू म्हणशील तसं. तू घे म्हणलास तर आत्ता घेतो."

शेवंताही माझ्याकडंच बघत होती. हातात तांब्या तसाच.

डॉक्टरांचं सगळं माझ्या डोक्यात होतं. साचलेलं रक्त, गाठ, सगळं. पण डोळ्यापुढं रिकामी होडी आली. वाटलं, आजवर बापाच्या मागं कधी वाकडं पाऊल टाकलं नाही. आता थोडेच दिवस उरलेत. इतके महिने काढले, आणखी एवढ्यानं काय होतंय?

मी म्हणालो, "घट बसू दे. घट बसले की त्याच दिवशी पहिली गोळी घे, आन दुसऱ्या दिवशी पुण्याला निघू."

लिंबाचा चेहरा मोकळा झाला. शेवंतानं तांब्यातलं पाणी अंगणात तुळशीला घातलं आणि डबा उचलून देव्हाऱ्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाळी टाकून झाल्यावर सवयीनं मी खिशातून गोळी काढली आणि त्याच्यापुढं धरली. त्यानं हात वर केला.

"न्हाई दादा. आता तुझी तू घे. डॉक्टरनं तुला दोन्ही येळा सांगितलीय."

"घट बसंपातुर तू घे की. ही काय नवी न्हाई. ही चालूच हाय."

"आन तू उघड्यावर? न्हाई. बास झालं. तुझी तू घे, माझी देव्हाऱ्यात हाय."

मी आणखी एकदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही. ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याच्यासमोर ती गोळी गिळली. तो म्हणाला, "मीठ लावून घेतलीस का?" आणि वल्हं मारायला लागला. त्यानंतर रोज संध्याकाळी मी त्याच्यासमोर गोळी गिळली.

सर्वपित्रीला सकाळी शेवंतानं पान वाढलं. भात, वडे, खीर, आणि बापाला आवडायची म्हणून तळलेली मासळी. आम्ही दोघं होडीत बसलो. पाणी काठोकाठ होतं. देऊळ, घर, उंबरा, सगळं परत खाली गेलेलं. कारखान्याची चिमणी आणि रेल्वेचा पूल यांच्या रेषेवरून आम्ही घराची जागा धरायचो. लिंबानं वल्हं थांबवलं.

"आलं बघ. आता उंबऱ्यावर हावोत."

"जरा पुढं घे. तू चुलीवर उभा हायस."

तो हसला. "बा खालनं बघत असंल. म्हणत असंल, दोघं म्हातारी झाली, तरी अजून घर गावंना व्हय रं तुमाला?"

त्यानं पान दोन्ही हातांनी उचललं आणि पाण्यावर धरलं. डावा हात सुटला. उजवा सुटलाच नाही. पान तिरकं झालं, खीर त्याच्या मनगटावरून सांडली, आणि तो त्या हाताकडं बघत राहिला, जणू तो हात दुसऱ्याचाच आहे.

"लिंबा, सोड की."

तो माझ्याकडं वळला. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. त्याला दादा म्हणायचं होतं. नुसता घशातून आवाज आला.

मी त्याला धरून होडीत निजवलं. मग मी काय केलं असेल? खिशातून माझी गोळी काढली. जेवणानंतर घ्यायची म्हणून ठेवली होती. ती त्याच्या तोंडात घातली. त्याला गिळता आली नाही. ती जिभेवर थांबली आणि लाळेबरोबर ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर आली. मी परत घातली. परत बाहेर आली. त्यानं डावा हात उचलून माझं मनगट धरलं आणि बाजूला सारलं. त्या हातात अजून चांगला जोर होता.

मग मी वल्हं घेतलं. एरवी लिंबा वल्हवायचा ती होडी मी एकट्यानं काठाला आणली. जीव खाऊन वल्हवली, घामानं डोळे मिटले, आणि त्या सगळ्यात माझं हृदय घड्याळासारखं सरळ चालत होतं. एक ठोका चुकला नाही. काठ येईपर्यंत मी तो कानात ऐकत होतो.

भिगवणला नेलं, तिथून पुण्याला. पुण्याला न्यायचं ठरलं होतंच. अँब्युलन्समध्ये शेवंता त्याच्या पायाशी बसली होती आणि तिच्या मांडीवर तो डबा होता. निघताना तिनं देव्हाऱ्यातून उचलून आणला होता. दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी रक्त पातळ करायची गोळी चालू होती का?"

शेवंतानं माझ्याकडं बघितलं.

"होती," मी म्हणालो. "निम्मी."

"मग?"

"मग बंद केली."

"कुणी सांगितलं बंद करायला?"

मी सांगितलं, मीच. त्या बाईंनी मान हलवली आणि आत गेल्या.

आर्यन आता पाचवी ओलांडून पुढं गेला. तो पहिलीत होता तेव्हा त्याच्या पाटीवर त्याच्याबरोबर मीही अक्षरं गिरवली. गोळीच्या पाकिटावरचं इंग्रजी अजून येत नाही. चार वर्षांपूर्वी माझ्या छातीत एकदा परत तडफड सुरू झाली. मुजावर डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून राहिलेल्या जागी चटके दिले. तेव्हापासून ठोका सरळ आहे. गेलो की ते शिकाऊ पोरांना बोलावून माझी पट्टी दाखवतात, आणि म्हणतात, आजोबांसारखा पेशंट पाहिजे. मी दोन्ही वेळच्या गोळ्या घेतो. शेवंता आमच्याच घरात असते. संध्याकाळची गोळी तीच आणून देते, मी गिळेपर्यंत उभी राहते, आणि भांडं घेऊन जाते.

आमच्या बापाची तिथ आम्हाला कधी कळली नाही, कारण ती लिहून ठेवणारं घरात कुणी नव्हतं. म्हणून हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. माझा धाकटा भाऊ लिंबाजी भागूजी नगरे हा आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्या दिवशी, शनिवारी, एक ऑक्टोबर दोन हजार सोळा रोजी सकाळी पुण्याच्या दवाखान्यात वारला.